सोंगाची तटबंदी

शांतता पाहायला माणसं बस भरभरून येतात, असं जगात फार कमी ठिकाणी घडतं. माल्टा बेटावरच्या इम्दिना या तटबंदीच्या शहरात ते रोज घडतं. टेकडीवर वसलेलं, मधाच्या रंगाच्या दगडाचं हे शहर. आत तीनशेसुद्धा माणसं राहत नाहीत. माल्टी लोक त्याला ‘इल-बेल्त सिएक्ता’ म्हणतात, म्हणजे गप्प शहर. माल्टा हा अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, बृहन्मुंबईहूनही लहान. त्यात २०२४ साली पस्तीस लाखांच्या वर पर्यटक उतरले, आणि ज्याच्या हाताशी अर्धा दिवस मोकळा होता तो बहुधा इम्दिनाला येऊन गेला. प्रत्येक जण शांततेसाठी आला आणि येताना आपल्या वाट्याचा आवाज घेऊन आला. सकाळी अकराच्या सुमारास मुख्य दरवाजातून उंच धरलेल्या छत्र्यांमागे जथेच्या जथे आत शिरत असतात, आणि प्रत्येक छत्रीखालून एकच वाक्य वेगवेगळ्या भाषांत खणखणीत ऐकू येतं : हे शांत शहर आहे, कृपया हळू बोला.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. ‘पर्यटकांनी शांततेची वाट लावली’ हा लेख कुणीही लिहील आणि त्याखाली कुणीही मान डोलावेल. पण वाट लागायला मुळात ती शांतता शहराच्या अंगची, जन्मापासूनची असायला हवी. इम्दिनाचा इतिहास चाळला तर तसं काही हाती लागत नाही. हे शहर तटबंदीवर टिकलं असं माहितीफलक सांगतात. प्रत्यक्षात ते टिकलं सोंगावर. वेळ येईल तसं सोंग घ्यायचं, ते चोख वठवायचं, आणि समोरचा फसून निघून गेला की दार लावून घ्यायचं, हा या गावाचा पिढीजात धंदा. शांतता हे त्यातलं अलीकडचं सोंग आहे, आणि आजवरच्या सगळ्या सोंगांत उत्पन्न त्यालाच जास्त आहे. हे हेटाळणीने म्हणत नाही. उलट माझ्या मते दगडी तटापेक्षा हा गुण जास्त कौतुकाचा आहे, कारण दगड कुणीही रचतो.

सुरुवात नावापासूनच करू. फिनिशियन लोक या जागेला मालेथ म्हणत, रोमनांनी मेलिते केलं. रोमन शहर आजच्या इम्दिनाहून पुष्कळ ऐसपैस होतं. शेजारच्या रबात गावाचा बराचसा भाग त्याच्या पोटात होता. ८७० साली अरबांनी बेट घेतलं. त्यांच्या काळात शहर आखडून घेतलं गेलं, मध्ये खंदक आला. आतलं ते मदिना, म्हणजे शहर, आणि बाहेर उरलं ते रबात, म्हणजे उपनगर. थोडक्यात, या नावाजलेल्या नगरीचं नाव नुसतंच ‘शहर’ असं आहे. आपल्या मुलाचं नाव ‘मुलगा’ ठेवण्यासारखा हा प्रकार. माल्टी भाषा आजही अरबीच्या घराण्यातली आहे, फक्त ती रोमन लिपीत लिहितात आणि तोंडी लावायला इटालियन घेतात. पुस्तकाला ‘क्तीब’, जगाला ‘दिन्या’ आणि राजाला सरळ ‘सुलतान’, म्हणजे मराठी माणसाला किताब, दुनिया आणि सुलतान तिथे पोचल्या पोचल्या ओळखीचे. आपला ‘बुरूज’ही मूळचा अरबीच. माल्टीत त्याचा भाऊ ‘बोर्ज’. पण तिकडे त्याचा अर्थ दगडांचा ढीग असा होतो. आपल्याकडच्या बऱ्याच बुरुजांची सध्याची स्थिती पाहता माल्टी अर्थ अधिक अचूक म्हणावा लागेल.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इम्दिनाने तेही आणून पाहिलं. पंधराव्या शतकात आरागॉनचा राजा आल्फोन्सो याने पैशाच्या अडचणीपायी हे बेट गोन्साल्व्हो मोन्रोय नावाच्या सरदाराकडे तीस हजार फ्लोरिनांना चक्क गहाण टाकलं. बेटावरच्या लोकांनी बंड केलं, आणि ते तीस हजार आम्हीच फेडतो, आम्हाला सोडवा, असं राजाला कळवलं. राजाला हे फार आवडलं. कर्ज आपलं आणि हप्ते दुसऱ्याचे, ही व्यवस्था कुणाला आवडणार नाही? त्याने १४२८ साली सनद दिली आणि शहराला ‘नोताबिले’, म्हणजे नामवंत, असा किताब दिला. पूर्ण रक्कम मात्र वेळेत उभी राहिली नाही. म्हण खरी ठरली. पण किताब परत घेतला गेला नाही, हेही नोंदवून ठेवावं. पुढे कित्येक शतकं कागदोपत्री ‘चिता नोताबिले’ असंच नाव चालत राहिलं. या गावाला सोंगातून मिळालेली ही पहिली ठळक मिळकत.

खरी परीक्षा १५५१ च्या जुलैत झाली. सिनान पाशा आणि द्रागुत ही तुर्की आरमारातली दोन दणदणीत नावं फौज घेऊन इम्दिनापुढे ठाकली. आत निर्वासितांची गर्दी आणि लढवय्यांची चणचण. जुने बखरकार सांगतात की सिसिलीकडून शहराला येत असलेलं एक पत्र तुर्कांच्या हाती पडलं. त्यात मजकूर असा, की धीर धरा, दर्यासारंग आंद्रेआ दोरियाचं आरमार तुमच्या मदतीला निघालं आहे. आरमार कुठेही निघालेलं नव्हतं. पत्र मुळी पकडलं जावं म्हणूनच लिहिलेलं होतं. भाविक मंडळी हे श्रेय संत आगाथाला देतात. तिची प्रतिमा तटावर मिरवली आणि शत्रूचं मन पालटलं, असं त्यांचं म्हणणं. पत्राचं श्रेय किती आणि प्रतिमेचं किती, हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. दोन्हींतून एकच गोष्ट निघते : तटाला धड एक भगदाडही न पाडता तुर्क मागे वळले.

आणि वळून कुठे गेले? शेजारच्या गोझो बेटावर. तिथेही टेकडीवर तटबंदीचं एक नगर होतं, आजही आहे, सितादेल्ला नावाचं. तोच शत्रू, तोच महिना, तशीच टेकडी, तशीच जुनाट भिंत. फक्त तिथे कुणाला सोंग सुचलं नाही. थोड्याच दिवसांत ते पडलं आणि बेटावरची सुमारे पाच हजार माणसं, म्हणजे जवळजवळ सगळी वस्ती, गुलाम म्हणून नेली गेली. हसण्यासारखं त्यात काही नाही. पण पुरावा म्हणून याहून स्वच्छ तुलना इतिहास सहसा देत नाही. तट दोन्हीकडे होता, खोटं पत्र एकीकडेच होतं. गोझोकरांनी पुढे हा धडा घेतला, जरा सावकाश घेतला. त्यांच्या कथीड्रलवर घुमट बांधायचा होता. पैसे पुरले नाहीत म्हणतात. मग १७३९ साली मेसिनाच्या एका चित्रकाराने सपाट छतावर आतून घुमटाचं चित्र काढून दिलं. आत उभं राहून वर पाहावं तर खांब, कमानी, वरून झिरपणारा उजेड, सगळं गोल आणि खोल. बाहेर येऊन पाहावं तर छप्पर पाटासारखं सपाट. जवळजवळ एकशेनव्वद वर्षांनी का होईना, गोझोला इम्दिनाची विद्या आली. आणि पैशाचं सोंग आणता येत नसलं तरी पैशाअभावी सोंग आणता येतं, ही त्या म्हणीला जोडायची दुरुस्ती.

इम्दिनाचा सर्वांत गाजलेला प्रयोग १५६५ चा. तोवर बेटावर सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे एका लढाऊ ख्रिस्ती संघाचं, राज्य आलं होतं. त्यांचं आगमनही नाटकासारखंच : १५३० साली त्यांचा ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, दारात आला, त्याने शहराचे हक्क पाळण्याची शपथ घेतली, मग त्याला किल्ल्या मिळाल्या आणि मग तो आत गेला. आत जाऊन पाहतो तर समुद्र लांब, आणि हे लोक तर जहाजांवर जगणारे. त्यांनी बंदराकाठचं बिर्गू गाव धरलं आणि इम्दिनाला मानपान तेवढा ठेवला. १५६५ मध्ये तुर्कांनी बेटाला वेढा घातला तो त्या बंदराला. ऑगस्टच्या ७ तारखेला बिर्गूवर निकराचा हल्ला चालू असताना इम्दिनातून थोडंसं घोडदळ बाहेर पडलं आणि तुर्कांच्या मागच्या छावणीवर तुटून पडलं. तुर्कांना वाटलं, सिसिलीची कुमक उतरली. जिंकत आलेला हल्ला सोडून ते मागे धावले. कुमक अर्थातच उतरलेली नव्हती. ती यायला अजून महिना होता. मूठभर स्वारांनी अख्ख्या सैन्याची भूमिका केली आणि प्रेक्षकांनी ती मानली.

महिना संपता संपता तुर्की सेनापती मुस्तफा पाशाच्या मनात आलं की हिवाळा काढायला इम्दिना बरं. तो तोफा घेऊन टेकडीकडे निघाला. शहराचा कारभारी होता मेस्किता नावाचा पोर्तुगीज सरदार. त्याच्याकडे शिपाई थोडे, दारूगोळा त्याहून थोडा. त्याने काय करावं? शेतकरी, बायका, जो हाती लागेल त्याला शिपायाचे कपडे चढवले आणि तटावर उभं केलं. शत्रू माऱ्याच्या टप्प्यात यायच्या आतच तोफा डागायला सुरुवात केली, जणू कोठारात दारूगोळा सांडून वाहतो आहे. पाशाने खालून पाहिलं : तट माणसांनी फुललेला, आणि दारूगोळा उधळण्याइतका. त्याने तोफा वळवल्या. गवळणीने पितळी भांडं वाजवावं आणि वाघाने नगारा समजून पळावं, तसं झालं. वेढ्याचा निकाल लागला बंदरावर, हजारो माणसांच्या रक्ताने. इम्दिनाचा निकाल लागला कपडेपटात.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे : सोंग वठलं ते तट होता म्हणून, उघड्या माळावर बायकांना शिपाई करून उभं केलं असतं तर पाशाने तोफा वळवल्या असत्या का? नसत्याच. रंगमंचाशिवाय नाटक होत नाही, हे मान्य. पण नाटक चांगलं झालं की आपण रंगमंचाच्या फळ्यांचं कौतुक करत नाही. फलकावर मात्र सगळं कौतुक फळ्यांचं असतं : तट अमुक फूट, बुरूज तमुक साली. मेस्किताच्या पदरी त्या दिवशी बायकांच्या मापाचे किती अंगरखे निघाले, हे कुठल्याच फलकावर नाही. दुसरा आक्षेप नैतिक आहे. सोंग म्हणजे लबाडी, लबाडीवर टिकलेल्या शहराचा अभिमान कसला? तसं असेल तर मोठमोठ्या सत्तांनाही त्याच पंगतीत बसवावं लागेल. १८७८ साली रशियाला दरडावण्यासाठी ब्रिटनच्या डिझरायली सरकारने मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी फौज जहाजांत घालून पाठवली, ती याच माल्टाला. मराठी मुलखाचा या बेटाशी आलेला हा एक खरा संबंध. लढाई झाली नाही, व्हायची नव्हतीच. फौज दिसणं हेच तिचं काम होतं. इम्दिनाने तीच गोष्ट तीनशे वर्षं आधी, घरच्या घरी, जहाजभाडं न देता केली होती.

वेढा उठला, आणि विजयाच्या दुसऱ्याच वर्षी, १५६६ मध्ये, सरदारांनी बंदराकाठी नवं शहर मांडलं, वालेटा. राजधानी तिकडे गेली, कचेऱ्या गेल्या, पैसा गेला. नामवंत शहराचं नाव झालं ‘चिता वेक्किया’, म्हणजे जुनं शहर. सुनेच्या हाती किल्ल्या गेल्यावर सासूबाई एकदम ‘म्हाताऱ्या’ होतात, तसं. १६९३ च्या सिसिलीच्या भूकंपाने जुन्या कथीड्रलची पडझड केली. लोरेन्झो गाफाने त्या जागी नवं उभारलं, ते १७०५ ला पुरं झालं; मात्तिया प्रेती या चित्रकाराने काढलेलं सेंट पॉलच्या जहाजफुटीचं भित्तिचित्र जुन्यातून वाचलं. मग ग्रँड मास्टर व्हिल्येनाने शहराला नवा चेहरा द्यायचं मनावर घेतलं. फ्रेंच वास्तुकार मोंदियोंकडून १७२४ साली नवा दरवाजा बांधून घेतला, सिंह, ढाली, शिलालेख आणि आतल्या अंगाला संतमंडळी, सगळा सरंजाम त्यावर बसवला. जुना दरवाजा चार पावलांवर होता तो बुजवून टाकला. आज ‘मध्ययुगात पाऊल टाकताना’ म्हणून जो दरवाजा छायाचित्रात येतो तो हा, अठराव्या शतकातला, झोकदार बरोक. खरा मध्ययुगीन दरवाजा शेजारीच भिंतीत चिणलेला आहे. त्याच्या दगडांची चौकट नीट पाहिली तर ओळखू येते. त्याच्याकडे पाठ करून लोक मध्ययुगाचे फोटो काढतात.

दरवाजातून आत शिरताच उजव्या हाताला व्हिल्येनाचाच वाडा आहे. या वाड्याच्या भूमिकांची यादी एखाद्या ज्येष्ठ नटाला शोभेल. आधी तो ग्रँड मास्टरचा महाल; इंग्रजांच्या काळात क्षयरोग्यांचं इस्पितळ; आणि १९७३ पासून राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय. म्हणजे जिथे दरबारी वाकून उभे राहत, तिथे आता पेंढा भरलेले पक्षी उभे आहेत. पक्षी अधिक सभ्य आहेत, अशी शंका इतिहास वाचल्यावर येते.

या परंपरेत एकविसाव्या शतकाने घातलेली भर ओळखीची आहे. २०११ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्यातल्या राजधानीची वेस म्हणून इम्दिनाचाच दरवाजा पडद्यावर आला. आतल्या एका छोट्या चौकात तलवारींची चकमक चित्रित झाली. त्या चौकाचं नाव मेस्किता चौक. ज्याने खोटे शिपाई उभे करून गाव वाचवलं, त्याच्या नावाच्या चौकात साडेचारशे वर्षांनी खोटे शिपाई खोट्या तलवारींनी लढले. योगायोग म्हणायचा तर म्हणा. मला त्यात घराण्याची शिस्त दिसते. दुसऱ्या पर्वापासून ती भूमिका क्रोएशियाच्या दुब्रोव्हनिकला गेली. पण एकाच पर्वातल्या कामावर इम्दिनाचं इतकी वर्षं भागतं आहे. आजही दरवाजासमोरच्या पुलावर चेहरा करडा करून उभी राहिलेली माणसं दिसतात, ती त्या मालिकेची. सेंट जॉनच्या सरदारांसाठी कुणी चेहरा करडा करत नाही.

आता शांततेचं सोंग. ती आपोआप पडलेली नाही, ठेवलेली आहे. शहरात मोटार आणायला परवाना लागतो. तो रहिवाशांना असतो. त्याशिवाय रुग्णवाहिकेला, नवरीच्या गाडीला आणि शववाहिकेला वाट मिळते. म्हणजे बाहेरच्याला गाडीने आत शिरायचं तर आजारी पडावं, लग्न करावं किंवा मरावं. बाकीच्यांनी चालावं, नाहीतर घोडागाडी करावी. घोड्याच्या टापा दगडावर वाजतात तेव्हा शांतता जास्त ऐकू येते, म्हणून तो आवाज मंजूर आहे. दैनंदिन आयुष्याचा बराचसा गोंगाट खंदकापलीकडे रबातने अंगावर घेतला आहे. बसथांबा तिथे, गर्दी तिथे, आणि पापुद्र्याची पास्तित्सी तिथे : आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण, भट्टीतून निघताना इतकी गरम की पहिला घास सगळेच उभ्याने आणि तोंड उघडं ठेवून खातात, कागदाला तेलाचा डाग, सदऱ्यावर पापुद्रे. हे दृश्य इम्दिनाच्या गल्लीत शोभणार नाही. नाटकात जशी विंग असते तशी इम्दिनाला रबात आहे. आगगाडीलासुद्धा रंगमंचावर येऊ दिलं नव्हतं. १८८३ मध्ये वालेटाहून इथवर रेल्वे आली, पुढे १९०० साली तिला पलीकडे न्यायची वेळ आली तेव्हा शहराच्या पोटाखालून बोगदा काढला. १९३१ ला ती रेल्वे बंदच झाली. आवाज करायचा तर जमिनीखालून करा, आणि तोही फार दिवस करू नका.

यावर कुणी म्हणेल, तीनशेच्या आत माणसं असलेल्या गावात शांतता असायचीच, त्यात वठवायचं काय? बरोबर. कोकणातल्या कुठल्याही ओसाड होत चाललेल्या वाडीत याहून कडक शांतता मिळते, आणि तिला तिकीट नाही. पण ती शांतता कुणी पाहायला जात नाही, कारण तिच्याभोवती तट नाही, मागे कथीड्रल नाही आणि ती गप्प आहे असं कुणी सांगत नाही. माणसं निघून गेली की गाव ओस पडतं. निघून गेलेली माणसं कुठे गेली ते न सांगता उरलेल्या दारांना रंग लावला की ते ‘गप्प’ होतं. फरक रंगाचा आहे. याला मी फसवणूक म्हणणार नाही, कारण तो रंग लावणारी माणसं खरोखर तिथे राहतात. त्यांच्या खिडकीखालून दिवसभर लोक जातात, दाराच्या कड्या हलवून पाहतात, कुठे पडदा उघडा दिसला तर आत डोकावतात. आपल्या घरात आपण सामान म्हणून वावरायचं, हे सोपं काम नाही. पिढीजात वाडेवाले सरदार असोत की अलीकडे घर घेतलेला एखादा वकील, हे काम सगळ्यांच्या वाट्याला आहे. त्यांना मोटारीचा परवाना ही चैन वाटते असं बाहेरच्यांना वाटतं. मला तो नटाचा भत्ता वाटतो.

माझ्या म्हणण्याला एकच प्रसंग खरोखर आडवा जातो, आणि तो टाळून चालणार नाही. १७९८ च्या जूनमध्ये नेपोलियनने माल्टा घेतलं. त्याच्या माणसांनी चर्चमधलं सोनं-चांदी जमा करायचा सपाटा लावला. २ सप्टेंबरला इम्दिनातल्या कार्मेलाईट चर्चमधल्या वस्तूंचा लिलाव पुकारला गेला आणि गावाचं डोकं फिरलं. फ्रेंच तुकडीचा अधिकारी मासों जमावाच्या हाती मारला गेला, पाठोपाठ इथली फ्रेंच शिबंदी कापली गेली, आणि बंड बेटभर पसरलं. दोन वर्षांनी फ्रेंच गेले. त्या दिवशी कुणी सोंग घेतलं नव्हतं. गप्प शहर तेव्हा खऱ्या आवाजात ओरडलं, आणि त्या आवाजाने राज्य उलथलं. हा अपवाद मी मान्य करतो. फक्त एवढं लक्षात आणून देतो, की इंग्रज आल्यावर ते परत गप्प झालं, आणि तेव्हापासून आजवर त्याने तसा सूर लावलेला नाही.

मग पाहण्याजोगं काय, असं विचाराल तर गल्ल्या आणि कड्या. गल्ल्या वाकड्या का, याचं छत्रीवाल्या मार्गदर्शकांचं उत्तर ठरलेलं : शत्रूचे बाण सरळ जाऊ नयेत म्हणून. ऐकायला झकास आहे. पण भूमध्य समुद्राचं दुपारचं ऊन ज्याने सोसलं आहे, त्याला अरुंद आणि वळणाच्या गल्लीचा पहिला उपयोग सावली हा आहे, हे सांगावं लागत नाही. शत्रू शंभर वर्षांतून एकदा येई, ऊन रोज येई. आणि कड्या पाहाव्यात त्या दारांवरच्या. पितळी, मूठभर जाडीच्या, जोडीजोडीने. कुठे शेपट्या वळवलेले दोन मासे, कुठे सिंहाचं तोंड, कुठे समुद्रदेव. वर्षानुवर्षं पुसून पुसून माशांचे डोळे सपाट झालेले, खवले पोटाशी गुळगुळीत आणि कडेला अजून टोचणारे. कडीखाली लाकडावर ती आपटून पडलेला खड्डा असायला हवा. बऱ्याच दारांवर तो नाही. शेजारी, चौकटीच्या आड, विजेच्या घंटीचं छोटंसं पांढरं बटण असतं. पाहुणा ते दाबतो. कडी तुमच्यासाठी आहे.

माल्टाच्या कित्येक चर्चना दोन मनोरे आणि दोन घड्याळं असतात. गावोगावी त्यांतलं एक चालतं आणि दुसरं नुसतं रंगवलेलं असतं. प्रार्थनेची खरी वेळ सैतानाला कळू नये म्हणून, असं लोक सांगतात. या बेटावर सैतानसुद्धा प्रेक्षकांत धरलेला आहे. इम्दिनाच्या कथीड्रललाही दोन आहेत. जाणार असाल तर सकाळी जाऊ नका. दुपार कलली की जा, शेवटचे जथे उतरणीला लागले की तटावर बसा, वालेटाचे दिवे लागताना पाहा, आणि परतीची बस गाठायची असेल तर त्या घड्याळांपैकी कोणतं पाहायचं ते आधीच ठरवून ठेवा. इथली दोन्ही खरी आहेत, पण वेळ एकच दाखवतं. दुसरं तारीख दाखवतं.